नऊ इंच

घोडपदेवच्या उतारावर, हरजीवन बिल्डिंगमध्ये
आज तिसरा दिवस, मी मोजतेच आहे.
लेझर भिंतीला टेकवला की लाल ठिपका
समोरच्या कॅलेंडरात दत्ताच्या पायाशी थांबतो,
मग आकडा येतो.

अकरा नंबर : दहा बाय सोळा.
बारा : दहा बाय सोळा.
तेरा कुणाला नको होता, तिथे बारा-अ.
मोरी धरतात, पोटमाळा धरत नाहीत.
गॅलरीतलं तुळशीचं डबडंही धरत नाहीत,
पण त्याच्या मालकिणीने ते मोजायला लावलं
आणि वर चहा दिला.

इमारत वाईट आहे, उगाच गोड बोलायचं नाही.
जिन्याला टेकू, टेकूला टेकू.
मागच्या संडासात जाताना
लोक छत्री नेतात, भर एप्रिलमध्ये.
"ताई, नव्या घरात संडास आतच ना?"
"आतच."
"कडी आपली आपण लावायची?"
"हो."
उरलेली चौदा पानं न वाचता
तिने सही करून टाकली.

सतराला गाडी अडली.
नऊ फूट तीन इंच.
पुन्हा टेकवला. नऊ फूट तीन.
शेजारचा अठरा : दहा फूट नऊ.
मध्ये फळ्यांची भिंत, तेलरंगाचे सात थर.
कागदावर दोघंही दहा.

घाणेकरांचा नातू हिशोबाला पक्का.
नऊ इंच गुणिले सोळा फूट, बारा चौरस फूट,
गुणिले विक्रीच्या टॉवरचा भाव…
मोबाइल त्याने आजोबांपुढे धरला.
चष्म्याशिवाय त्यांना शून्यं मोजता येईनात.
"हे आपले आहेत. मॅडम, लिहून घ्या."

भिकाजी घाणेकर खुर्चीतून उठले नाहीत.
"गेले नव्हते रे," म्हणाले. "दिले होते."

लेझर मी एव्हाना खिशात टाकला होता,
लोकांचा विश्वास टेपवरच.
टेपचं दुसरं टोक धरून उभी होती
अठरातली मंदाकिनी पेडामकर, पंचावन्नची.
"माझ्यापायी," ती म्हणाली.
नववं वर्ष, कंबरेपासून खाली प्लास्टर,
केईएममधून मिळालेली लोखंडी खाट,
तिला वजनं टांगायची चौकट,
आणि ती काही केल्या आत वळेना.
रविवारी घाणेकरांनी सुतार आणला,
कपाट ओढलं, भिंत सुटी केली,
जेवणाआधी पुन्हा ठोकली. अलीकडे.

"सात महिन्यांनी खाट परत गेली.
भिंत त्यांनी मागितली नाही."
थोडं थांबून, टेपकडे बघत,
"आम्हीही दिली नाही."

मी नियम सांगितला :
नवीन इमारतीत सगळ्यांना सारखंच क्षेत्रफळ,
भिंती काँक्रीटच्या, सरळ.
हे नऊ इंच कुणाच्याच खात्यात जात नाहीत.
नातू म्हणाला, मग वाद कशाला.
मंदाकिनी म्हणाली, "म्हणजे फिटलं?"
"काय?"
"आमच्यावरचं."

पाच वर्षांच्या शिक्षणात, साइटवरच्या आठ वर्षांत
या प्रश्नाचा रकाना मला कुठे भेटला नव्हता.
मी टेप गुंडाळली. ती सुटून
सर्रकन माझ्या बोटाला लागली.

ऑफिसात काचेखाली मॉडेल आहे :
स्पंजाची झाडं, कारंजं,
तांदळाएवढी माणसं, सगळी कुठेतरी निघालेली,
उंबऱ्यात रेंगाळणारं एकही नाही.
संगणकावर रेघ ओढली की
ती आपण होऊन दहाला चिकटते.
मी ते चिकटणं बंद केलं.

सरांनी विचारलं, "ही भिंत चुकली का?"
"नाही. आहे तशी दाखवलीय."
"पडणारच आहे ना?"
"पडणारच आहे."

जे पाडायचं ते पिवळ्या रंगात, असा आमचा रिवाज.
रात्री साडेनऊला नकाशा छापला.
त्यात एकच पिवळी रेघ तेवढी सरकलेली,
नऊ फूट तीन इंचांवर.